बाजूची सीट

योगिनी : आबा, मला एवढंच सांगा, ही गाडी हवेवर चालते का?

सोपानराव : आता ह्ये तूच मला इचारतीस? कंपनीत गाड्या तपासायला सून जाती का सासरा?

योगिनी : सून जाते, म्हणूनच तिची झोप उडालीय. महिना झाला कंपनीची चाचणीची गाडी तुमच्याकडं आहे. वीज संपली की पेट्रोलवर चालणारी गाडी, पण पेट्रोलचा एक थेंब जळला नाही. बरं, विजेवर पळाली म्हणावं, तर भिंतीवरचा मीटर दाखवतोय तेवढ्या विजेत ती निम्मीसुद्धा पळणार नाही.

सोपानराव : मग वाईट काय झालं? कमी खाती, जास्त पळती. गुनाची हाय.

योगिनी : सकाळी साहेबांनी हाच आकडा सगळ्यांपुढं पडद्यावर लावला. माझं कौतुक केलं. पण मी परत सगळ्या नोंदी काढून बघितल्या. गाडीतल्या यंत्रात स्पष्ट दिसतंय, रोज दुपारी बॅटरी भरलीय. कुठं भरली? आपल्या मीटरला तर पत्ताच नाही.

सोपानराव : यंत्रच बिघडलं आसंल.

रंभा : यंत्र बरं हाय. चिमाजीच्या गिरनीत इचार म्हनावं. डिकीतली दुसरी वायर काढायची अन् गिरनीच्या बोर्डाला लावायची. दळन पीठ हुईस्तवर ह्यांची गाडी तिथंच उभी. महिनाभर रोज एक दळन आनलं. माझे डबे भरून वाहत्यात, अन् अजून ह्ये गहू मागत्यात.

सोपानराव : तुला कुनी इचारलं?

योगिनी : आबा! गिरणीतली वीज कुठं मोजली गेली?

सोपानराव : न्हाई मोजली, म्हनून तर तिथं लावली. तू म्हनालीस ना, आपल्या भिंतीवरच्या मीटरचा आकडा कंपनीला जातू?

रंभा : आगं, म्हस शेजाऱ्याच्या रानात चारून आनायची, अन् चावडीवर सांगायचं, माझी म्हस न खाता दूध देती. त्यातली गत.

योगिनी : अगदी तेच, आई. हेच मी कंपनीत तीन स्लाइडमध्ये सांगते, तरी लोकांना कळत नाही.

सोपानराव : हसा, दोघी हसा. लगीन हून आलीस तवापासनं बघतुय, पोरी, जेवताना बी लॅपटॉप उघडा. हे तुझं पयलं सोताचं काम. म्हनलं, सूनबाईच्या गाडीला मार्क कमी पडायला नगंत. त्यात चोरी काय केली म्या?

योगिनी : आबा... माझ्या वडिलांनीसुद्धा माझ्यासाठी एवढी लबाडी केली नसती.

सोपानराव : मग झालं तर. झाकली मूठ सव्वा लाखाची. कुनाला कळतंय?

योगिनी : हा आकडा वाचून उद्या कुणी गाडी घेईल. त्याच्या गावात चिमाजीची गिरणी नसेल.

सोपानराव : हं.

योगिनी : कंपनीच्या ट्रॅकवर आमचा ड्रायव्हर चालवतोच की. साहेबांची परवानगी काढून तुमच्या हातात गाडी दिली ती यासाठी, की चारचौघांच्या घरात ती जशी वापरतील तशी वापरून बघावी. आता एसीचंच घ्या. महिनाभरात एकदाही लावला नाही?

रंभा : न्हाई लावला, अन् काच बी उघडली न्हाई. घरी यायचे तवा सदरा पिळून वाळत घालावा लागायचा. मला वाटलं म्हातारपनी तालमीत नाव घातलं का काय!

सोपानराव : काच उघडली की वारं आडवतं. मोबाइलवर बघितलं म्या.

योगिनी : आणि अजून एक. बाजूच्या सीटचा पट्टा महिनाभरात एकदाही लागलेला नाही.

रंभा : लागंल कसा? मला बसवतंय कोन!

योगिनी : म्हणजे? तळेगावला मावशींच्या नातवाच्या बारशाला तुम्ही दोघं गाडीतून नाही गेलात?

रंभा : गाडीतून ह्ये गेले. मी करंज्यांचा डबा मांडीवर घेऊन सहा आसनी रिक्षात. देहूरोडच्या सिग्नलला ह्यांची गाडी शेजारी येऊन थांबली. रिकामी! मी हाक मारली, तर मान म्होरं करून बसले.

सोपानराव : वजनानं आकडा पडतू.

रंभा : मी काय शिमिटाचं पोतं हाय? भन दारात उभी व्हती. इचारलं तिनं, भांडलाय काय गं? काय सांगू तिला? माझा नवरा सुनेचा आकडा सांभाळतुय म्हनून सांगू?

सोपानराव : तवा काय बोलली न्हाईस.

रंभा : चार मान्सांत काय बोलायचं. वाईट वाटलं मला. लई वाईट वाटलं.

योगिनी : थांबा. मी साहेबांना फोन लावते.

(योगिनी अंगणात जाऊन फोनवर बोलते आणि परत येते.)

सोपानराव : काय म्हनले? नोकरी हाय ना?

योगिनी : आहे. आधी सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, पुढच्या बैठकीत तूच उभी राहा आणि सांग की आकडा चुकलाय. लाज वाटणार आहे, पण सांगेन. गाडी आणखी महिनाभर ठेवायला दिलीय.

सोपानराव : माझ्यापायी झालं ह्ये. म्या येऊ का बैठकीला?

योगिनी : नको, आबा! तिथं तुम्ही साहेबांनाच गिरणीत न्याल. तुम्ही फक्त गाडी चालवा. घरचाच मीटर, एसी लावून, आणि जिथं जाल तिथं आईंना घेऊन.

सोपानराव : आकडा पडंल की गं.

योगिनी : पडू द्या. आपला तर असेल.

सोपानराव : ऐकलंस का? चल मग तळेगावला. भनीला दाखव, म्हनावं भांडान न्हाई.

रंभा : आत्ता? ह्या लुगड्यावर?

सोपानराव : बस गं. एसी कसा लागतू त्ये मला बी बघायचंय.

रंभा : अवो, पर ह्यो पट्टा कुठं खोचायचा?

सोपानराव : थांब. मी लावतू.