सतरा नंबरचा दिवा

चालू हाय? अवो, चालू हाय ते मला बी दिसतंय — करंटाचा दिवा लागलाय, आत माशीवानी कायतरी गुनगुनतंय — पर वाजत न्हाई ना! टेलिफोनचं मशीन वाजायला नको व्हय? तुमी नगरच्या नागापूरहून पहिल्या एस्टीनं आला, पेटी उघडली, दोन ठिकानी पेचकस लावला आन म्हनता, गोरखभाऊ, मशीनमंदी फॉल्ट न्हाई. फॉल्ट न्हाई! मग चाळीस वस्त्यांवर चाळीस फोन बसवल्यात ते काय भिताडाला शोभा म्हनून? महिना झाला, हितं बसून मी डोळं फाडून ह्या चाळीस दिव्यांकडं बघतोय, दर फोनाचा येक. येक दिवा लागंल तर शप्पथ. म्हंजे — येक लागतो, त्याचं मागनं सांगतो. बसा त्या पेटीवर. च्या येतोय. आन ते पेन खिशात घाला, लिवायसारखं अजून कायबी घडलं न्हाई.

तुमाला काय ठावं आमची जुनी लाईन काय हुती. तुमी शिकल्याली मानसं, तुमाला ते भंगारच वाटनार. आमचं गाव नावाला गाव, बाकी समदे आपापल्या रानात, वस्त्यांवर. ह्या वस्तीवरनं त्या वस्तीवर निरोप धाडायचा म्हंजे निम्मा दिस जायचा. तवा मी नगरच्या भंगारातनं मिल्ट्रीचे जुने फोन आनले — हिरव्या पेटीतले, दांडी फिरवायचे — आन बाभळीवरनं बाभळीवर तार नेली. मी येकल्यानं. लोक हसले. मग येकेक जन गुमान वर्गनी घिऊन आला, आमालाबी द्या म्हनून. आसलीच जात लोकांची, आधी दात काढायचे आन मग हात पसरायचे. तर ती तार येकच हुती बरं का, समद्यांना मिळून येकच. कुनी बी दांडी फिरवली की समद्यांकडं वाजायचं. येक लांब दोन आखूड म्हंजे सरपंचाचा, दोन लांब म्हंजे रंगुबाईच्या दुकानाचा, आसं ठरल्यालं. पर उचलायचे समदेच! ज्याचा आसंल त्यो, ज्याचा नसंल त्यो बी. बोलताबोलता आवाज बारीक झाला की समजायचं, आनखी दोघातिघांनी उचलला. लई बारीक झाला की मी वरडायचो — आरं ठिवा की रं मुडद्यांनो, बोलनाऱ्याला ऐकू येईना! मग खट खट खट ठिवल्याचा आवाज. आन मोजून दहा दम खाल्ले की परत हळूच उचलायचे. निर्लज्ज समदे.

सकाळी सातला मी भाव सांगायचो. नगरला कांदा काय गेला, गवार, वांगी, लाईट कवा जानार, नेवाशाची एस्टी आली का फेल गेली. समदा गाव कानाला लावून बसायचा. मागं गनपती दूध प्याला ना, ती बातमी आमच्या लाईनवर टीव्हीच्या आधी आली हुती, खोटं वाटत आसंल तर कुनालाबी इचारा. अर्ध्या घंट्यात गावात दुधाचा थेंब उरला न्हाई, ल्हान पोरांना काळा च्या पाजला. हुशार गाव! आन संध्याकाळी मग रंगुबाई कुनाच्या सुनंबद्दल बोलनार, ती सूनच तिकडनं ऐकत आसनार, मधीच कडाडनार — मामी, मी हाय बरं लाईनीवर! नाटकाचं तिकीट काढून बी आसं बघायला मिळत न्हाई. आन तेच लोक मला म्हनायचे, गोरख, ह्या लाईनीत काय राम न्हाई गड्या.

ही प्रायव्हसी कुनी आनली म्हनता? प्रशांत गुरुजींनी. आमच्या शाळंचे मास्तर. पोरीचं लगीन जमवत हुते, स्थळ संगमनेरचं, आन लाईनीवरनं बोलत हुते आपल्याच भावाशी — ह्या वस्तीवरनं त्या वस्तीवर. किती द्यायचं, कुठं आडवायचं, पोराचा पाय जरा फेंगडा हाय का काय, समदं. सांजच्याला देवळाम्होरं बसल्यालं म्हातारं बी म्हनायला लागलं, गुरुजी, फेंगडा आसला म्हनून काय झालं, कमावतो तर हाय! झालं. गुरुजी तांबडेलाल. मारुतीच्या पारावर मीटिंग. म्हने, प्रत्येकाचं बोलनं ज्याचं त्याला पायजे, हा नागरिकाचा हक्क हाय. हक्क! दुसऱ्याच्या घरातलं येकबी वाक्य ज्या मानसानं आठ वर्सांत सोडलं न्हाई, त्याला आता हक्क सुचला. सरपंच आबासाहेबांनी मान डोलावली, कारन त्यांना मान डोलावन्याशिवाय दुसरं येतंय काय? मंग समद्यांनीच डोलावली. मी बी इरेला पेटलो. म्हनलं, ठीक हाय, तुमाला बंद खोलीत बोलायचंय ना, बोला. नगरातनं नवं मशीन आनतो. नंबर दाबा, ज्याचा त्यालाच वाजंल, तिसऱ्याला सुगावा न्हाई. कुनाची हरकत? आसं मी दोनदा इचारलं. दोनदा. कोपऱ्यात पिंपळाखाली येक मानूस तंबाखू मळत बसला हुता, त्यानं येक शब्द काढला आसता तर मी जुनी तार हालवली नसती. मळतच बसला. तोंडात टाकली, पिचकारी मारली, आन गेला उठून.

कोन म्हंजे? आसाच येक मेंबर. सतरा नंबर.

आता बघा गंमत. मशीन बसलं, फोन बसले, पूजा केली, नारळ फोडला. पयल्या दिवशी समद्यांनी समद्यांना फोन करून इचारलं, ऐकू येतंय का? — येतंय. तुमाला? — येतंय. संपलं. दुसऱ्या दिवसापास्नं मसनवाट. का? कारन बोलायला कुनाकडं काय हुतंच न्हाई! दुसऱ्याचं ऐकायला मिळायचं म्हनून उचलत हुते भाडखाव. आता गुरुजी स्वता चालत येत्यात हितवर, सायकल भिताडाला टेकवत्यात आन हळूच इचारत्यात — काय गोरख, काय इशेश? मी म्हनतो, गुरुजी, प्रायव्हसी हाय, मला काय कळत न्हाई. मग चेहरा आसा करत्यात, जसं काय मीच त्यांचं कायतरी चोरलंय. रंगुबाई म्हनती, भाव तरी सांग सकाळी. आता भाव सांगायचा म्हंजे येकेकाचा नंबर दाबून येकेकाला सांगू? चाळीस येळा कांदा? मी काय पिसाळलोय? सरपंचांनी तर सरकारी फोनचा अर्ज केलाय. करू द्या. त्यांना कोन फोन करनार हाय, पावसाळ्यातली बेडकं?

तर आता तुमचं काम. समदं चांगलं हाय म्हनता ना? न्हाई. सतरा नंबर खराब हाय. त्याचा दिवा आपोआप लागतो. रोज, सकाळी, सात वाजले की. कुनाचा नंबर दाबत न्हाई, कुनाला लागत न्हाई, नुस्ता दिवा. जरा येळ ऱ्हातो आन इझतो. हा फॉल्ट न्हाई तर काय हाय? त्यानं तक्रार केली का? छ्या. त्यो कशाला करंल. मी — थांबा, थांबा, रिंग देऊ नका! सतराला रिंग देऊ नका म्हनतो ना! हात काढा आधी. टेस्टिंग गेलं खड्ड्यात. हितनं रिंग गेली तर त्याला वाटंल मी लावला. गोरख्यानं लावला. समद्या गावाला सांगत सुटंल, शेवटी आला का न्हाई पाय धरत.

आता तोंडातनं गेलंच हाय तर ऐका. भिमाजी त्याचं नाव. माझा थोरला भाऊ. सख्खा. त्या तिकडं पत्र्याचं छप्पर दिसतंय ना, लिंबाच्या पल्याड, तीच सतरा नंबरची वस्ती. बोलत न्हाई आमी. वाटनीवरनं न्हाई, इहिरीवरनं न्हाई, तसलं सोपं आसतं तर कवाच मिटलं आसतं. आईच्या दहाव्याला, नेवाशाला प्रवरंच्या काठी, पिंड ठिवला आन कावळा शिवंना. ऊन चढलं, पाव्हनं ताटकळलं, भटजी घड्याळ बघायला लागलं, थोरल्यानं हात जोडून समदं कबूल केलं — आई, तुझ्या गायीला सांभाळीन, आई, धाकल्या भैनीला माघारी बोलवीन — कावळा आपला फांदीवर. तवा ह्यो माझ्याकडं वळला. समद्या भावकीत, माझ्या सासऱ्याच्या म्होरं, म्हनला — ह्यो हितं बसलाय म्हनून शिवंना. ह्याला उठवा. आईच्या जिवाला ह्यानंच घोर लावला. मी उठलो. लांब चिंचंखाली जाऊन उभा ऱ्हायलो. आन शिवला की हो कावळा! लगीच! आता त्या पाखराला काय अक्कल आसती? कावळा त्यो, भुकेजला आसंल, उतरला. पर चारशे मानसांनी बघितलं. हसू नका. हसत न्हाई? मग ठीक हाय.

त्या दिवसापास्नं शब्द न्हाई. त्यो मला गावात दिसला तर मी गल्ली बदलतो, मी दिसलो तर त्यो थुकतो. पर लाईनीवर — आता लाईन समद्यांची हुती ना. तिथं कोन कुनाशी बोललं आसं म्हनता येत न्हाई. मी सकाळी भाव सांगायचो, शेवटी म्हनायचो, ऐकनाऱ्यानं ऐकावं. आन आवाज जरासा बारीक व्हायचा, आन पाठोपाठ खोकला. तंबाखूचा खोकला हाय त्याचा, लोखंडी बादली आपटल्यावानी. मग म्हननार — आरं कुनीतरी सांगा रं, खिलारी गाय आटली तर काय करावं. कुनीतरी! आन मी म्हननार, ज्याची आटली आसंल त्यानं सरकी कमी करावी, मागच्या खेपंला बी तेच सांगितल्यालं. आसं चालायचं. त्याच्या पोरीला पोरगा झाला ते बी त्यानं आसंच सांगितलं — ज्याला बारशाला यायचं आसंल त्यानं यावं. मी गेलो न्हाई, माझी बायको गेली, कुंची घिऊन. आन वर्साला आईचं श्राद्ध आलं की म्हनायचा, अमुक दिवशी घाटावर, ज्याला यायचं त्यानं यावं. मी जायचो. तिथंच, लांब, त्या चिंचंखाली. कावळा शिवला की तिथनंच हात जोडून माघारी. त्यो बघायचा न्हाई माझ्याकडं. पर चिंचंकडं बघायचा, मला कळत हुतं.

परवा श्राद्ध हाय. व्हय, परवा. तिथ मला पाठ हाय हो, तिथीचं काय, कॅलेंडरात बी हाय. पर कुनी ये म्हनलं न्हाई ना अजून! न बोलवता कसा जाऊ? माझं बी कायतरी हाय का न्हाई. आन त्यानं तरी कसं म्हनावं? पयलं समद्यांना म्हनायचा. आता येक-शून्य, म्हंजे माझा नंबर, दाबून मलाच म्हनावं लागंल. दाबायचा न्हाई त्यो, मरंल पर दाबायचा न्हाई. आन मी येक-सात दाबू? मी? चारशे मानसांत मला उठवला त्यानं! — तुमच्या ह्या दळभद्री मशीननं समदं नासवलं बघा. कारागीर म्हनं! दोन मानसांच्या मधी तिसरा नसला तर बोलायचं कसं, ह्याचा इचार कुनी केला का पेटी बनवताना?

आं? किती वाजलं? — बघा, बघा, लागला! लागला का न्हाई? सतरा! आपोआप! मी म्हनलं नव्हतं? काढा आता तुमचा पेचकस, हा फॉल्ट.

काय म्हनता?

आपोआप लागत न्हाई म्हंजे?

त्यानं उचललाय. म्हंजे आत्ता, ह्या घडीला, कानाला लावून — रोज? महिनाभर रोज सातला त्यो — आन त्याला काय ऐकू येतंय मग? नुस्तं टूं? येडा हाय का त्यो? टूं ऐकत बसतो? येवढा घोडा झाला, नातवंडं खेळवतो, आन — मला ठावं नव्हतं आसं न्हाई हो. दिव्याचं मला काय कळत न्हाई का. पर फॉल्ट आसंल म्हनलं. फॉल्ट आसल्यालाच बरा.

ही कळ? दिव्याखालची? हिनं काय हुतं? सरळ त्याच्या कानात? आन बेल? बेल वाजत न्हाई? — थांबा, नीट सांगा. त्यानं मला लावला न्हाई. मी बी त्याला लावला न्हाई. त्यानं आपलाआपला उचललाय आन मी हितं आपलाआपला बोलतोय. आसंच ना? कुनी इचारलं तर तुमी सांगचाल आसं? हां. मग सरका जरा. सरका की, मांडीवर बसू का तुमच्या!

हां... ऐका. बाजारभाव. नगरला कांदा काल उतरला, आज नेऊ नये. गवार तेजीत हाय. लाईट दुपारच्याला जानार, ज्याला भिजवायचं आसंल त्यानं आत्ताच मोटर टाकावी. नेवाशाची एस्टी येळेवर हाय. आन... आन ज्याचा खोकला सरत न्हाई त्यानं डाक्टरला दाखवावं, आंगावर काढू नये, आता वय ऱ्हायलं न्हाई. ऐकनाऱ्यानं ऐकावं.

...

खोकतोय.

गप! काय बोलू नका. बोलतोय. — परवा. घाटावर. हां. — उन्हं चढायच्या आत. — चिंच? चिंच तोडली? मागच्या महिन्यात, पुरात कलली म्हनून? — मग ज्याला यायचं त्यानं उभं कुठं ऱ्हायाचं, ते बी सांगावं की कुनीतरी —

...

जवळच?

...

तुमी काय तोंडाकडं बघताय हो माझ्या? झालं ना तुमचं काम? मशीन चांगलं हाय, सांगा तुमच्या मालकाला. निघा. च्या वाटंत घ्या कुठंतरी. आन जाताना दार वढा, कायबी ऐकू येईना झालंय.