ती रिंग मी उलटी बसवली

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. चाची, तुम्हाला वेगळा.

मला बोलता येत नाही. म्हणजे भांडता येतं, ते तालमीत सगळ्यांना माहीत आहे. पण माइक हातात धरून आपल्या माणसाला 'होते' म्हणायचं, ते जमत नाही. इब्राहिमचाचा गाड्यांचे मिस्त्री होते. बघा, अडकलंच.

मी लिहून आणलं होतं. साधा माणूस, देवमाणूस, असलं सगळं. तो कागद आत्ता खिशात घातला. कारण माझ्या आधी बापूसाहेब बोलले. चांगलं बोलले, पण मधेच एक वाक्य टाकून गेले. "शेवटी वय झालं होतं, हात थरथरत होता, या पोराच्या गाडीचं इंजिन त्यातच बिघडलं, पण माणूस मोठा." आणि तुम्ही सगळ्यांनी माना हलवल्या.

हलवू नका माना. शोकसभेत कोण इंजिनाबद्दल बोलतं का? मी बोलणार. बसवायचं असलं तर येऊन बसवा मला खाली.

माझी मोटरसायकल माझ्या दुप्पट वयाची. भंगारातनं उचललेली. दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं, तेव्हा घरात माझ्याशी कोण बोलत नव्हतं. चाचा बोलले. "काय पावणं, गाडी ऑईल किती खाती?" मी म्हटलं, "पेट्रोलपेक्षा जास्त." ते हसले. स्कूटर काढली आणि गगनबावड्यापर्यंत माझ्या मागनं आले. घाट उतरले, चढले. नुसता धूर बघत. मग म्हणाले, "चढाला निळा धूर मारली तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. उताराला मूठ सोडल्यावर मारली तर व्हॉल्वचे गाईड गेले. तुझी दोन्हीकडं मारती. लई हौशी हाय!"

गाईड बदलले. सिलिंडरचा ब्लॉक बोअर केला, पिस्टन नवा आणला. राहिल्या रिंगा. शुक्रवार होता. पांढऱ्या फडक्यावर रिंगा मांडून चाचा नमाजाला निघाले. म्हणाले, "मी येईस्तोवर हात लावू नको. ही मधली बघ. हिच्यावर बारका ठिपका हाय. तो वर पायजे. खाली गेला की रिंग ऑईल खरवडायची सोडून वर ढकलती. नखानं चाचपायचं, डोळ्यावर भरवसा न्हाय."

थांबलो का मी? नाही थांबलो. दुसऱ्या दिवशी ती माझ्या गाडीवर बसणार होती. ती कोण, ते विचारू नका. ती आज इथं बसली आहे की नाही, तेही मी बघणार नाही. एवढंच सांगतो, तिच्यासाठी मी तेव्हा इंजिन नसलेली गाडीसुद्धा पळवली असती.

चाचा परत आले तेव्हा रिंगा चढवून वर ब्लॉक बसलेला होता. ते रागावले नाहीत. एकच विचारलं, "ठिपका बघितलास?"

"बघितला की."

खोटं. साफ खोटं.

घाटाच्या चढाला मागं निळा धूरच धूर. तिच्या पांढऱ्या ओढणीला जळक्या ऑईलचा वास. ती म्हणाली, "तुझ्या चाचांनी हे काय करून ठेवलंय?" आणि मी म्हटलं, "वय झालंय गं त्यांचं. हात थरथरतोय."

ऐकलं? बापूसाहेब, ते वाक्य तुमचं नाही. माझं आहे. माझ्या तोंडातनं तिच्या राजारामपुरीत गेलं, तिथनं तालमीत आलं, आणि आज माइकवर चढलं. वर्षानुवर्षांची गिऱ्हाइकं दुसऱ्या गॅरेजला गेली. चाचांच्या कानावर आलं, तेव्हा चहाच्या गाड्यावर चार माणसांत ते काय म्हणाले? "व्हय, चुकलं असंल माझंच." माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. माणसं पांगल्यावर म्हणाले, "आयतवारी खोलूया. तुझ्याच हातानं खोल." त्यांना सगळं माहीत होतं. बशीत काठोकाठ चहा होता त्यांच्या. एक थेंब सांडला नाही.

आयतवार आला. चाचा नव्हते.

काल मी एकट्यानं इंजिन खोललं. ही बघा ती रिंग. ठिपका खाली होता. थरथरला असंल तर माझा जीव थरथरला, चाचांचा हात नाही. यापुढं गावात कुणी ते वाक्य म्हटलं, तर आधी माझ्याशी गाठ आहे.

नवी रिंग बसवली आहे. गाडी दारात उभी आहे. अजून किक मारलेली नाही. आपण दोन मिनिटं गप्प उभं राहू. मग सगळ्यांनी दारात या. मी इथनं निघून गगनबावड्याचा चढ चढणार आहे, ज्याला यायचं त्यानं चाचांसारखं मागनं यावं. निळा धूर दिसला तर नाव माझं घ्या. माझंच घ्या.

उठा.

सलाम, चाचा. ठिपका बघितला. नखानं बघितला.