मेहतरगल्लीतलं मैदान

उमरेडच्या मोटारीच्या रांगेत सत्यवतीबाईंच्या पुढेच हातमागावर लुगडी विणणाऱ्या दोन कोष्टिणी उभ्या होत्या.

"रुख्मे, लुगड्याच्या सुताचा ताणा आता कुठं लावतं वं?"

"नव्या कॉलनीत. चारीकडून बंगल्यायच्या पाठी, मधात हिरवंगार मैदान, पेरूची झाडं."

"साहेबलोक हाकलत नाहीत?"

"त्यायले ठाऊकच नाही! वाट मेहतरगल्लीतून, मैला न्यायच्या बोळातून जाते. स्वतःच्याच संडासामागून कोणता साहेब जाईन?"

"अन् कोणी मागचं दार उघडलं तं?"

"तं माहा माग बसला. पन उघडत नाहीत. हागाले भेत नाहीत, घाणीले भेतेत मेले!"

सत्यवतीबाई त्याच कॉलनीतल्या. दोन वर्षांत त्यांनी मागच्या दाराची कडी काढली नव्हती.

"अहो बाई, त्या झाडांना पेरू आहेत का?"

रुख्मा वळली. तिनं बाईंचं इस्त्रीचं पातळ पाहिलं.

"आहेत. पन नाक धरता धरता माह्या ताण्यावर पाय देऊ नका."