तेरसेची जागा

दिशा : आधी दार उघड ना. जाळीतून काय बोलतेस, मी काय चोर हाय?

काशिफा : दिशाताई, हळू. पोरं नाश्त्याला बसलीत आत. आज तुमचं बुकिंग नाहीये.

दिशा : सोमवारी बुकिंग होतं, तर जागा न्हाय म्हणालीस. आज बुकिंग न्हाय म्हणतेस. मग माझ्या जुईला पाळणाघरात ठेवायची तरी कधी? कडेवर घेऊन उभी हाय बघ.

काशिफा : सोमवारचं नव्हतंच. वहीत बुधवार लिहिलाय. काल. काल सकाळी आठपासून एक जागा रिकामी ठेवून बसलो आम्ही. बोर्लीहून एक बाई आली होती, तिला सासऱ्यांना घेऊन श्रीवर्धनच्या दवाखान्यात जायचं होतं. तिला मी दारातून परत पाठवली, तुमच्यासाठी. आणि तुमचा फोनसुद्धा नाही.

दिशा : काल कशाला येईन मी? तेरसेला येते म्हणून सांगितलेलं. तेरस सोमवारी होती.

काशिफा : मला तेरस-बिरस काही माहीत नाही. अम्मींनी सांगितलं बुधवार, मी लिहिलं बुधवार.

दिशा : मग अम्मींना बोलव. लवकर. अनंताची रिक्षा उभी करून आलेय. साडेदहाला आमची बोट भरडखोलला लागते, आता पावणेदहा झाले.

काशिफा : अम्मी! जरा बाहेर या.

तैयबा : आवाज कुणाचा चढलाय? दिशा काय? अगो, काल कुठे होतीस? मऊ भाताची खिमटी करून ठेवली होती तुझ्या पोरीसाठी. शेवटी मीच खाल्ली.

दिशा : चाची, सोमवारी तुम्ही कुठं होतात?

तैयबा : लग्नाला गेले होते म्हसळ्याला. का?

दिशा : सोमवारी भरडखोलहून पोरीला घेऊन आले. हिनं याच जाळीतून सांगितलं, सहा झालीत, सातवं घेत न्हाय. हात जोडायचे बाकी ठेवले मी. मग काय करणार? घरी सासूच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, तिलाच हात धरून न्यावं लागतं. घेऊन गेले जुईला धक्क्यावर.

तैयबा : धक्क्यावर? अडीच वर्षांच्या पोरीला?

दिशा : टोपलीच्या आडोशाला बसवली. हातात बिस्किटाचा पुडा दिला. लिलाव सुरू झाला, मी आमच्या मासळीची बोली पुकारायला वळले. परत बघते तर पुडा हाय, पोर न्हाय.

काशिफा : मग?

दिशा : बर्फाच्या ट्रकच्या मागं होती. चाकाला टेकून बसलेली. गार लागतं म्हणून. ट्रक चालू, ड्रायव्हर वर चढलेला. शिवदासनं बघितली आणि बोंब मारली. तो माणूस वर्षभर आमच्याशी बोलत न्हाय, जाळ्याच्या भांडणावरून. त्यानं उचलून आणून दिली माझ्या हातात.

तैयबा : या अल्ला.

काशिफा : हे... हे मला माहीत नव्हतं.

दिशा : कसं असणार? दार बंद होतं.

तैयबा : काशिफा, जाळी उघड. आणि तू गप बस जरा, दिशा, मला विचार करू दे. तू तेरसेला म्हणालीस. मी बरोबर मोजलं होतं. तेरस म्हणजे चांदाची तेरा. कॅलेंडर काढून बोट ठेवून मोजलं मी. बुधवारच आली.

काशिफा : अम्मी, कुठलं कॅलेंडर?

तैयबा : आपलं. मशिदीत वाटतात ते.

काशिफा : अम्मी...

दिशा : आमची तेरस तुमच्या मशिदीच्या कॅलेंडरात कशी सापडंल, चाची?

तैयबा : का न्हाय सापडायची? चांद तर एकच आहे ना!

काशिफा : चांद एकच आहे, सुरुवात एक नाही. त्यांचा महिना आवस संपली की सुरू. आपला चांद डोळ्यांना दिसला की सुरू. मधे दीड-दोन दिवस जातात. यांची तेरस सोमवारी झाली, तुमची तेरा बुधवारी.

तैयबा : अख्खा जन्म काढला या किनाऱ्यावर. माझे अब्बा भरडखोलला मीठ विकायचे. कोळ्यांमध्ये वाढले मी.

दिशा : मीठ कुठल्याबी तिथीला विकता येतं, चाची.

तैयबा : हस. हस तू. चूक माझी झाली, आणि हिनं तुला बोल लावले.

काशिफा : पण ताई, तुम्ही सरळ तारीख का नाही सांगत? सगळे तारीख सांगतात.

दिशा : भरती तारखेनं येते का? माझी सासू, तिची सासू, सगळ्या तिथीवर उठल्या-बसल्या. मोठ्या भरतीचं उधाण कधी, कमी पाण्याचा भांग कधी, ते तिथीवर कळतं. मी तारीख बघते ती फक्त रेशनला.

काशिफा : ठीक आहे. झालं ते झालं. पण आज तरी जागा कुठून आणू? पाच आलीत. सहावी जागा एका मुंबईच्या बाईंची आहे. इथेच होमस्टेला उतरल्यात. त्यांनी परवाच पाचशे पाठवले.

दिशा : मग कुठंय त्यांचं पोर?

काशिफा : नऊला येणार होते.

दिशा : आता दहा वाजायला आले.

काशिफा : पैसे भरलेत त्यांनी. पैसे भरले की जागा संध्याकाळपर्यंत त्यांची. मी सगळ्या आयांना ठणकावून सांगितलंय, सहाच्या वर एक पोर घेणार नाही. सातवं घेतलं आणि ते साडेदहाला येऊन उभे राहिले, तर?

तैयबा : तर फोन लाव आणि विचार. तोंड आहे ना त्यांना?

दिशा : लाव गो. अनंता हॉर्न वाजवतोय बघ.

काशिफा : लावते. हॅलो... हो मॅडम, काशिफा, दिवेआगरहून. बाळाला आणताय ना?... कधी?... रात्रीच निघालात?... अरे, ताप किती आहे?... बरं... काळजी घ्या. पण मॅडम, काल संध्याकाळी एक मेसेज टाकला असता... हो, माझ्या लक्षात आहे तुम्ही पाचशे भरलेत... परत? मॅडम, आमचा नियम आहे, आदल्या दिवशी संध्याकाळी सातच्या आत कळवलं तर... हो, ताप सांगून येत नाही, मान्य... मी घरी विचारून सांगते. ठेवते.

दिशा : न्हाय येत ना? मग जुई आत.

काशिफा : थांबा. त्या पैसे परत मागतायत.

तैयबा : मग दे परत.

काशिफा : अम्मी, हा नियम तुमच्यासमोर बनवला ना आपण? जागा अडवून ठेवायची आणि आयत्या वेळी यायचं नाही, म्हणूनच बनवला. पाचशे आपल्या हक्काचे आहेत. मी एक सुचवू? ते पाचशे ठेवूया. जुईला आज तसंच घेऊया, ताईंकडून काही नको. सोमवारची भरपाई समजा.

दिशा : तसंच म्हणजे?

काशिफा : फुकट.

दिशा : दुसऱ्याच्या तापल्या पोराच्या पैशावर माझी पोर जेवायची?

काशिफा : तसं नाही हो...

दिशा : तसंच हाय. मी दोनशे देत आलेय दर वेळी, आजही देणार. भरपाई करायची असली तर मला दार लवकर उघडत जा.

काशिफा : मग दोघांकडूनही घेते. नियमात बसतं. त्यांनी उशिरा रद्द केलं, तुम्ही आज बुकिंग केलं.

तैयबा : नियमात बसतं, माझ्या गळ्याखाली उतरत न्हाय. खुर्ची एक आणि भाडं दोघांचं? रिकामी राहिली असती तर ठेवले असते मी पाचशे, हसत ठेवले असते. आता ती भरतेय. त्यांचे त्यांना जाऊ देत.

काशिफा : पाचशे सोडून दोनशे घ्यायचे?

तैयबा : हो.

काशिफा : असा धंदा होतो का, अम्मी? मुझम्मिल तिकडे कुवेतला ओव्हरटाइम करतोय आणि आपण इथे...

तैयबा : तुझा नवरा असला तरी मुझम्मिल माझाच मुलगा आहे. त्याला सांग अम्मी म्हणाली. पाठव ते पाचशे, आत्ता, माझ्यासमोर.

काशिफा : पाठवते. गेले. बघा, गेले.

दिशा : घे, आता माझे पण. स्कॅन करते. मोबाइल पुढं धर. दोनशे. आवाज आला ना?

काशिफा : आला. पण एक आजच बोलून ठेवते, ताई. पुढच्या वेळेपासून तुम्हालाही तोच नियम. सातच्या आत कळवायचं.

दिशा : सातला माझा नवरा, विनेश, दर्यात असतो. तिथं रेंज न्हाय. बोट येते का न्हाय, किती घेऊन येते, ते मला पहाटे कळतं. कधी कधी धक्क्यावर गेल्यावर कळतं. सातला मी काय कळवू? दर्याला विचारून?

काशिफा : मग माझी जागा रिकामी गेली तर कुणाला विचारू मी?

दिशा : ते पण खरंय.

तैयबा : भांडा नंतर. दे ती पोर इकडे. ये गो माझी बाय. पाय धुवायचे? चल, आतमध्ये मासा काढलाय भिंतीवर, मोठा, निळा. नाव सांगशील त्याचं?

(तैयबा जुईला आत घेऊन जाते. दिशाचा फोन वाजतो.)

दिशा : हां, विनेश. निघालेच. पाच मिनिटांत रिक्षात... काय?... उरणला? कशाला उरणला?... मग मला आधी न्हाय सांगायचं?... हो, इंजिनाचं कळलं, पण दुसऱ्याच्या बोटीत माल चढवलास तेव्हा तरी... बरं. न्हाय, चिडत न्हाय. तू नीट हायेस ना? जेवलास काय?... बरं. ठेव.

काशिफा : काय झालं?

दिशा : इंजिन बसलं. दुसऱ्या बोटीनं ओढत नेलं, ती उरणची. माल तिकडंच उतरणार. भरडखोलला आज आमचं काही लागत न्हाय.

काशिफा : म्हणजे आज लिलाव...

दिशा : न्हाय. आज माझ्या हातात विकायला एक बोंबीलसुद्धा न्हाय.

काशिफा : ताई, मोबाइल पुढे धरा. दोनशे परत पाठवते.

दिशा : सातच्या आत कळवलं न्हाय मी.

काशिफा : असं बोलू नका ना आता. दहा मिनिटंसुद्धा झाली नाहीत.

दिशा : राहू दे. सोमवारपासून जुई मला सोडत न्हाय. मोरीत गेले तरी दाराशी येऊन बसते. आज पहिल्यांदा दुसऱ्याच्या कडेवर गेली. आता आत जाऊन उचलून आणली, तर उद्या ही पायरी चढायची न्हाय ती. चारला येते न्यायला.

काशिफा : चारपर्यंत काय करणार तुम्ही?

दिशा : अनंताला जा म्हणते. बघते. चालत जाईन घरी.

काशिफा : उन्हात? इतक्या लांब?

दिशा : रडत न्हाय ना ती?

काशिफा : ऐका तुम्हीच. आवाज येतोय का?

दिशा : न्हाय येत.

काशिफा : या इकडे. या खिडकीतून बघा एकदा. समोरच बसलीय ती.

दिशा : नको. तिला मी दिसेन.