सोपं, नवख्यांसाठी

सासरे : …म्हणून सांगतो सूनबाई, ही टिटवी हेर आहे.

सून : कोण टिटवी, बाबा?

सासरे : तेच तर! नाव नाही, गाव नाही, स्वतःला टिटवी म्हणवते. आपल्या औषधसाठ्याच्या सॉफ्टवेअरवर येते आणि नुसते प्रश्न विचारत बसते. आज तिला बाहेरच काढतो.

सून : प्रकल्प तुम्हीच सगळ्यांना खुला केलात, कुणीही येऊन कोड सुधारावा म्हणून. मग लोक येणारच की.

सासरे : खुला केला म्हणजे घराचं दार काढून ठेवलं, असं नव्हे. इतके दवाखाने त्यावर चालतात. उद्या कुणी मुदत संपलेल्या औषधाचा इशाराच बंद केला तर?

सून : पण विचारते काय ती?

सासरे : मी प्रत्येक कामाला लेबल लावतो ना? तातडीचं, किचकट, ‘सोपं, नवख्यांसाठी’. बाईंनी सोपं काम उचललं. आणि मग विचारतात, मुदत नेमकी कुठे मोजली जाते, बदल तपासायचा कसा… सोप्या कामाला एवढ्या चौकश्या? कुठेतरी पाणी मुरतंय.

सून : तुम्ही काय उत्तर दिलंत?

सासरे : लेबल वाचा, म्हटलं.

सून : एवढंच?

सासरे : मग काय, हाताला धरून चालवू? आजवर आले ते सगळे आरंभशूर. चार दिवस नाचले आणि पसार झाले.

सून : मला वेगळाच संशय येतो. रागावणार नसाल तर बोलते.

सासरे : बोल. रागावायचं ते नंतर बघू.

सून : जे काम तुम्हाला नकोसं होतं, त्यालाच ते लेबल लागतं. माणसं हौसेनं येतात, तोंडघशी पडतात, निघून जातात. मग तुम्ही जेवताना आम्हाला ऐकवता, माझ्याशिवाय कुणाला जमत नाही म्हणून.

सासरे : म्हणजे मी मुद्दाम करतो?

सून : ठाऊक नाही. पण सोमवारी तुमचं हृदयाचं ऑपरेशन आहे. नंतर दोन महिने कॉम्प्युटरला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. तोवर दवाखान्यांचं कोण बघणार?

सासरे : बघेन मीच, पडल्या पडल्या. आणि ते मुदतीचं काम खरंच सोपं आहे गं. चुटकीसरशी होईल.

सून : तुमच्या हातून. तुम्हीच लिहिलंय ते. स्वतःच्या घरात अंधारातही बटण सापडतं, बाबा. पाहुण्यानं काय करायचं?

सासरे : तू त्या टिटवीची एवढी वकिली का करतेस? …थांब. मुदत कुठे मोजली जाते, हे परवा तूही मला विचारलं होतंस.

(सून हातातला फोन पालथा ठेवते.)

सासरे : ती तू आहेस?

सून : हो.

सासरे : माझ्याच घरात हा लपंडाव! समोर विचारायला काय झालं होतं?

सून : समोरच विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, तुला नाही कळायचं. तिथे निदान नवखी म्हणून यायला परवानगी होती. फार लागलं मला तुमचं ते बोलणं.

सासरे : आणि एवढा खटाटोप कशासाठी?

सून : तुम्ही ऑपरेशनला निर्धास्त जावं म्हणून.

सासरे : …ती खुर्ची ओढ इकडे.

सून : टिटवीला बाहेर काढताय ना?

सासरे : बस गं. कुठे अडलीस, ते सांग.