मेलेला रावण बोलला

हसा लेको, पण आधी कप खाली ठेवा. मी तवा अमरावतीत रेडिओ दुरुस्त करो. वलगावच्या रामलीलेत नारायणकाका रावण होत. माणूस धिप्पाड, पण आवाज मागच्या रांगेपर्यंत जायेच ना. त्यायच्या पोरीसाठी आमच्या घरून माझं स्थळ गेलं होतं. म्हणून मीच म्हटलं, "काका, तुमच्या मुकुटातच माइक बसवून देतो." दहाही तोंडांत बल्ब लावले अन् माइकची वायर पाठीवरून थेट माझ्या भोंग्याच्या मशिनपर्यंत आणली.

रावण मेला. रामाची आरती होईपर्यंत त्याले निपचित पडून राहणं भाग होतं, अन् ताट यायले उशीर झाला. राम झालेला दामू खाली वाकून हळूच बोलला, ते भोंग्यातून साऱ्या गावानं ऐकलं, "काका, त्या रेडिओवाल्याले पोरगी देऊन राहिले म्हणे तुमी?"

माझा हात बटणावर होता, पण फिरवला नाही. मलेही ऐकायचं होतं ना!

मेलेला रावण डोळे मिटूनच बोलला, "येडा झाला काय? मुकुट होईस्तोवर हो-हो करून राहिलो होतो. उद्याच नाही कळवतो."

आरतीचं ताट घेतलेली बाई जागीच थिजली.

तेवढ्यात शेजारी बसलेल्या पाटलांनी माझ्या पाठीवर थाप मारली, "काही म्हण गड्या, आवाज मात्र एकदम साफ येऊन राहिला!"