सर्वांत ताजी फाइल

मंगळवार, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं. आयर्न लेक हेराल्ड ह्या आमच्या वर्तमानपत्राची बैठकीची खोली, एक लांबट टेबल, सहा माणसं, भिंतीवर प्रोजेक्टरचा उजेड. एवढं बातमीसारखं सांगितलं, पुढचं तसं सांगणं मला जमायचं नाही... आणि आधी एक लिहून घ्या, मी फक्त लिंक उघडली हो! कुणाच्या खणात हात नाही घातला, कुणाचं पाकीट नाही फोडलं. लिंक उघडली!

तुम्हाला सांगते, एकतीस वर्षं मी ह्या गावात बातमीदारी केली. तीन महापौर घरी बसवले, त्यातला एक माझ्याच चर्चमधला, अजून दर रविवारी माझ्याकडे पाठ करून गातो. आणि ह्या एकतीस वर्षांच्या नोंदी कुठे? तर एका साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये. रंग नाही, चित्र नाही, काळ्यावर पांढरी अक्षरं, शाळेच्या फळ्यासारखी. एकच लांबलचक फाइल आणि तिच्यात चार हजार लिंका. ठरावावर टिचकी मारली की ठराव उघडला पाहिजे, शेरीफवर मारली की शेरीफचं फोल्डर. पाहिजे, म्हणतेय मी! उघडत होतं कुठे? फोटोवर टिचकी मारली तर हा बाबा फोटोसुद्धा मजकूर समजून उघडायचा, महापौर बघायला जावं तर पडदाभर अक्षरांचा कचरा... तसा तो त्याला शोभायचा म्हणा. आणि फोल्डरवर मारली की तीनशे फायलींची यादी अंगावर! आता तुम्हीच सांगा, बातमीदाराला तीनशे फायली काय करायच्या? त्याला एकच हवी असते, सगळ्यांत ताजी!

तुम्ही म्हणाल, एवढा हट्ट कशाला? सांगते ना. मागच्या हिवाळ्यात मालक कंपनीने आमच्यातले दोघे काढले. तिसरा नंबर कोणाचा, ह्यावर अंकांचे गठ्ठे बांधणारी गोदामातली माणसं पैजा लावत होती आणि माझा भाव चांगला चालला होता, असं मला गोदामातल्याच एकाने प्रेमाने येऊन सांगितलं. एकसष्टाव्या वर्षी मला दुसरीकडे कोण उभं करणार? तेव्हा मी ठरवलं, आपण इतकं उपयोगी व्हायचं, इतकं उपयोगी व्हायचं, की काढताच येऊ नये. व्हर्ना गेली तर चार हजार लिंका गेल्या! हाय की नाही डोकं?

गेले वेंडेलकडे. वेंडेल म्हणजे आमचे कॉम्प्युटर सांभाळणारा, मनाने चांगला आणि बाकी काहीच चांगलं नाही. एका हातात पास्टी, ती मांस-सलगम भरलेली मोठी करंजी, आणि दाढीत तिच्यातलं सलगम. "बंद करून चालू केलंस का, व्हर्ना?" केलं. "मग परत कर." अरे, पण मला लिंक कशी उघडावी ते बदलायचंय! "हो का?" म्हणाला, "मग दोनदा कर."

मग इंटरनेटवर विचारलं. ह्या एडिटरचे भक्त असतात बरं का, जगभर, आणि एकाच्याही अंगात माणुसकी नाही. पहिला म्हणतो, "हा प्रश्न पंधरा वर्षांपूर्वी विचारून झालाय." दुसरा म्हणतो, "तुम्ही फोल्डर ठेवताच कशाला?" तिसऱ्याने चाळीस ओळी लिहून दिल्या, त्या घातल्यावर एडिटर उघडेचना, आणि त्याला सांगितलं तर म्हणतो, "हां, मग आता बरोबर चाललंय." बरोबर?... तीन आठवडे, तुम्हाला सांगते, तीन आठवडे मी त्या सेटिंगच्या फायलीशी झटत होते. घरी मांजर उपाशी. आणि शेवटी अकरा ओळी जमल्या! मजकूर असेल तर त्याच खिडकीत, फोटो असेल तर फोटोच्या प्रोग्राममध्ये, आणि फोल्डर असेल तर यादीबिदी काही नाही, त्यातली सर्वांत ताजी फाइल थेट डोळ्यांसमोर. बाळंतपणानंतर एवढा आनंद मला झाला नव्हता. नवरा पळून गेला तेव्हासुद्धा झाला होता, पण एवढा नाही.

आणि मग आला गॉर्डन. आमचा संपादक. "अगं व्हर्ना, तुझी ती जादू सगळ्यांना दाखव की एकदा. तुझ्या नोंदी सगळ्यांच्या उपयोगी पडू देत." एकतीस वर्षांत ह्या माणसाने माझं दोनदा कौतुक केलं. एकदा मी त्याची गाडी बर्फातून ढकलून काढली तेव्हा, आणि एकदा हे. वास यायला नको होता का मला? महापौरांच्या बंद खोलीतला वास मला रस्त्यावरून यायचा, आणि इथे? इथे मी केस सेट करून गेले!

तर टेबलाला कोण? गॉर्डन. वेंडेल. मृत्युलेखवाली आर्लीन. खेळाच्या पानाचा टोइव्हो. मी. आणि सहावी, डेट्रॉइटहून मालक कंपनीची आलेली पेज लिंडक्विस्ट, पोरगी गोड, इतकी गोड की दात दुखावेत. "व्हर्ना, आम्ही खूप उत्सुक आहोत हं. अगदी सावकाश सांगा, मी सगळं लिहून घेतेय." सगळं लिहून घेतेय! मला वाटलं, गुणाची पोर.

पहिली लिंक, ठराव. उघडला. दुसरी, महापौराचा फोटो. उघडला, दोन्ही हनुवट्यांसकट. टोइव्हो म्हणतो, "हॉकीचे निकालपण असे उघडतील?" म्हटलं, तुझ्या संघाचे उघडून करायचंय काय? सगळे हसले. मी रंगात आले! म्हटलं, आता फोल्डर बघा, आणि माझ्या मेलीच्या नशिबाने मी निवडलं मृत्युलेखांचं.

आमच्यात मृत्युलेख आधीच लिहून ठेवतात, ते तर सगळेच ठेवतात. माणूस जायचा तेव्हा जाईल, छपाई थांबत नाही. आमच्या मिसेस हाइक्किनेन एकशे दोन वर्षांच्या, त्यांचा चौदा वर्षं तयार आहे. ज्याने लिहिला तो गेला, त्याचा आर्लीनने लिहिला, आणि बाई अजून रोज सौनात, त्या वाफेच्या खोलीत, जाऊन बसतात. ऑफिसात कोणी नोकरी सोडून जाणार असलं, नवं येणार असलं, की ती बातमीही त्याच फोल्डरमध्ये. म्हटलं, हाइक्किनेनबाईच उघडतील, आर्लीन त्यांच्या लेखात सारखी काहीतरी बदलत असते, गंमत होईल.

तर आर्लीन एकदम, "व्हर्ना, ते नको. ते नको ना, दुसरं कुठलंतरी दाखव..." चेहरा पांढराफटक. मला वाटलं, हिच्या लेखात चुका असतील, लाजतेय. म्हटलं, लाजतेस कसली, सगळी घरचीच माणसं! आणि मारली टिचकी.

मी फक्त लिंक उघडली हो!

आलं भिंतीवर, हातभर अक्षरांत. "एकतीस वर्षांच्या सेवेनंतर व्हर्ना ट्रेव्हॅरो येत्या शुक्रवारी स्वेच्छेने निवृत्त होत आहेत. कुटुंबाला वेळ देण्याची त्यांची इच्छा आहे." कुटुंब! नवरा पळाला, मुलगी अलास्कात, राहिलं मांजर! खाली वय, त्रेसष्ट. आणि त्याखाली, "'हेराल्डने मला सगळं दिलं,' त्या डोळे पुसत म्हणाल्या."

पेजबाई लिहीतच राहिल्या. आणि मी काय करावं? रडावं? ओरडावं? मी म्हणाले, "वय चुकलंय." एकतीस वर्षांची खोड, जाते का? खोडून एकसष्ट केलं आणि फाइल साठवली. म्हणजे ती आणखी ताजी झाली!

गॉर्डन खाकरला. "हं... म्हणजे फोल्डरमधली ताजीच उघडते, नाही? छान आहे." पेजबाई वहीतून मान वर न करता, "ह्या अकरा ओळी वेंडेलकडे आहेत का?" वेंडेल म्हणाला, नाहीत. "मग घेऊन ठेवा. शुक्रवारच्या आत."

मी विचारलं, हे लिहिलं कोणी? गॉर्डन म्हणाला, मी नाही. आर्लीन म्हणाली, "मी फक्त पाहिलं गं, सकाळी." पेज म्हणाली, "लिहिणं हे सगळ्यांचं मिळून असतं." वेंडेलने फायलीची कुंडली काढली. सकाळी नऊ वाजून चार मिनिटांनी बनवली, बनवणाऱ्याचं नाव 'न्यूजरूम', कारण ह्या पठ्ठ्याने अख्ख्या ऑफिसला एकच नाव आणि एकच पासवर्ड दिलाय!

शुक्रवारी केक आला. बेकरीतली बाई सांगत होती, ऑर्डर सोमवारची आहे. सोमवारची! मंगळवारी मी त्यांना लिंका शिकवत होते... टोइव्होने दोन तुकडे खाल्ले आणि मला म्हणतो, "व्हर्ना, फोटो उघडायची ती ओळ जरा परत सांग ना." सांगितली. काय करणार? आता तो हनुवट्या उघडत बसतो दिवसभर.

शनिवारच्या अंकात छापलं, पान सहा. वय एकसष्ट, माझी दुरुस्ती घेतली त्यांनी, तेवढे ते काटेकोर. 'येत्या शुक्रवारी'चं 'काल' केलं, बाकी शब्दन् शब्द तसाच. एकतीस वर्षं मी त्या ऑफिसात येईल त्याला एकच शिकवलं, कुणाचं वाक्य अवतरणात टाकलंस तर ते कोणी ऐकलं, कुठे, किती वाजता, ते मला दाखव, नाहीतर काढ. तेच विचारायला गॉर्डनला मी तीन पत्रं पाठवली, पेजबाईंना दोन. पोचल्याची सही आली पाचांचीही.

मला डोळे पुसताना कोणी पाहिलं, ते अजून कोणी सांगितलेलं नाही.